अकरा नंबरची टाकी

ओनोरीन आझेमाला गेल्या नोव्हेंबरात पुरलं. दफनभूमीतून उतरताना बुस्केची मुलगी माझ्या पुढेच चालत होती. तिचे वडील पूर्वी आमच्या द्राक्षवाल्यांच्या सोसायटीचे चेअरमन होते, आता ती आहे. ती बरोबरच्या बायकांना म्हणाली, "बाई मोठी कडक. नवऱ्याने मरता मरता तोडलेला माल तिने स्वतःच्या हाताने नापास केला, आणि वेली उपटून टाकल्या. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही."

बायकांनी माना हलवल्या. गावात गेली तेवीस वर्षं हे असंच सांगतात. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, उलट आदरच असतो. पण ते खरं नाही. खरं काय ते दोघांना माहीत होतं, त्यातली एक आता गेली.

मी त्या दिवशी तिथे होतो आणि बोललो नाही. दफनभूमीच्या वाटेवरही बोललो नाही. मला लिहायची सवय नाही. चाळीस वर्षं सोसायटीच्या वजनकाट्यावर सभासदाचं नाव आणि किलो एवढंच लिहिलं. इथे मागचं पुढे झालं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

ओनोरीन मूळची आमच्या गावची नव्हे, डोंगरातली. तिकडच्या मुली सप्टेंबरात टोळीने खाली यायच्या, महिनाभर द्राक्षं तोडायच्या आणि परत जायच्या. ती सतरा वर्षांची असताना आली आणि परत गेली नाही. फिर्मां आझेमा तिच्या शेजारच्या रांगेत तोडत होता. ती त्याच्या पुढे निघून गेली, रांगेच्या टोकाला पोचली आणि मागे वळून म्हणाली, "झोपलास का?" लग्नाच्या जेवणात ती आमच्या गावची पांढरी वाइन पहिल्यांदा प्यायली आणि सासऱ्यांच्या तोंडावर म्हणाली, "हे व्हिनेगर आहे." सासरे दोन वर्षं तिच्याशी धड बोलले नाहीत.

पुढे तीच बाई अशी तयार झाली की एकदा फिर्मांने सोसायटीतून चुकून भलत्याच वाइनचा जग भरून आणला, तर ही स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "हे आपलं नाही. गालिनिएच्या ओढ्याकडच्या शेतातलं आहे." फिर्मां चिडून जग घेऊन माझ्याकडे आला. मी वही पाहिली. ओढ्याकडचंच होतं. ही गोष्टही गावात सांगतात, आणि तिच्यामुळेच पुढचा घोटाळा झाला असं मला वाटतं. ओनोरीनला कळलं नाही, ही शक्यताच कोणाच्या डोक्यात येऊ शकत नव्हती.

आमची पांढरी तीन द्राक्षांची असते, कोरडी, गोडाचा लवलेश नसलेली. पांढरं ग्रनाश तिला अंग देतं, क्लेरेत वास देतं. पण ही दोनच घातली तर जुलै उजाडेपर्यंत ती बसते, पिठूळ लागते. म्हणून थोडं तेरेत घालायचं. तेरेत आंबट, हिरवट, उशिरा पिकणारं. एकटं पिण्यात मजा नाही. पण शंभरात आठ भाग घातलं की सगळं ताठ उभं राहतं. मी सांगतो त्या वर्षी गावात तेरेत एकाच तुकड्यात उरलं होतं, दफनभूमीच्या वरच्या अंगाला, फिर्मांच्या आजोबांनी लावलेलं. त्याचा रस सगळ्यांत लहान टाकीत जायचा. ती अकरा नंबरची.

त्या वर्षी तेरेतची तोडणी ऑक्टोबरच्या मध्यावर निघाली. बाकी सगळ्यांची तोडणी आटोपली होती. फिर्मां, ओनोरीन आणि एक स्पॅनिश जोडपं, असे चौघे होते. दहाच्या सुमारास फिर्मां रांगेच्या टोकाला बादली उपडी घालून तिच्यावर बसला. तो तसा कधी बसायचा नाही. ओनोरीनने त्याला हाक मारली, मग जवळ गेली. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्याला घरी नेलं. तिने त्याला पुसलं, काळा कोट घातला, पलंगावर नीट ठेवलं, खिडकीच्या झडपा लावल्या.

दुपारी चारला मी काट्याच्या खोलीत बसलो होतो. बातमी मला कळली होती. सोसायटीही त्या दिवसापुरती बंद ठेवायची बोलणी चालली होती. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. ओनोरीन चालवत होती. मागे ट्रॉली भरलेली. तिने ट्रॉली काट्यावर बरोबर मधोमध लावली, जशी फिर्मां लावायचा, आणि इंजिन बंद केलं.

मी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "नाव कुठलं लिहू?"

"कुठलं म्हणजे?"

"म्हणजे सभासद फिर्मां आहे. होता."

"मग त्याचंच लिही. निम्मी त्यानेच तोडलीत."

"बरं."

"निम्मी आम्ही मागाहून तोडली. वेलीवर ठेवून काय करायचं?" ती ट्रॅक्टरवरून उतरली. "सिल्व्हेर, ट्रॉली धुवायची नळी कुठे असते?"

मी दाखवली. दोन हजार एकशे चाळीस किलो भरले. तिने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, ट्रॉली धुतली, कोपऱ्यातली चिकटलेली पानंसुद्धा नखांनी काढली आणि घरी गेली. तिथे माणसं वाट बघत होती.

त्यानंतरच्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच सांगायचं आहे. तिने सगळं केलं. कोंबड्यांना घातलं, घड्याळाला चावी दिली, टपाल वेळेवर उचललं. दर सोमवारी फिर्मांचे सहा सदरे धुऊन दोरीवर टाकायची. तेच सहा सदरे, कोणी न घातलेले. वाळले की इस्त्री करून कपाटात, पुढच्या सोमवारी पुन्हा बाहेर. रुआने नावाचा शेजारी तिच्या समोर राहायचा. जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणायचा, "फिर्मां वर जाऊनही कपडे मळवतोय वाटतं." पण तो हसून म्हणायचा नाही. तिची मुलगी तुलूझला होती. ती चार दिवस राहिली आणि निघताना मला म्हणाली, "आई ठीक आहे. मला भीती वाटते इतकी ठीक आहे."

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. तेरेतच्या वेलींना कात्री लावली नाही. डिसेंबरात सगळीकडे छाटणी सुरू झाली, काड्यांचे धूर निघू लागले. दफनभूमीच्या वर तेवढ्या वेली केस वाढल्यासारख्या उभ्या होत्या. येणारे-जाणारे बघत आणि पुढे जात.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तिने मला जेवायला बोलावलं. मी एकटा माणूस, फिर्मां असताना वर्षातून दोनचारदा तिथे जेवायचो. "ये," ती म्हणाली, "सवयीने दोघांचं केलंय."

खारवलेला कॉड मासा होता, बटाट्यात घोटलेला. हा मासा दोन दिवस पाण्यात ठेवावा लागतो, पाणी चारपाच वेळा बदलावं लागतं, नाहीतर नुसतं मीठ. तिने तो किती भिजवला होता देव जाणे. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याकडे बघितलं. ती खात होती. घास, मग पाव, मग घास. चेहऱ्यावर काहीच नाही.

"मीठ बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

"आणखी घे मग."

मी आणखी घेतलं. पाण्याचे किती ग्लास झाले ते मोजले नाहीत. तेव्हा मला कळलं की बाईच्या तोंडाला चव राहिलेली नाही. सर्दी नव्हती, आजार नव्हता. नुसती गेली होती, बाकीच्या गोष्टींबरोबर.

भांड्यांच्या कपाटावर एक छापील कागद होता. मी विचारलं, "हा कसला?"

"वेली उपटण्याचा. सरकार उपटायला सांगतंय ना सगळ्यांना. फेब्रुवारीअखेर सही करून द्यायचा."

"तेरेत?"

"व्हेसिएर म्हणतो, पुढच्या वर्षीपासून तेरेत वेगळं घ्यायला परवडत नाही. पिशवीतली आम्लाची पावडर टाकली की तेवढंच काम होतं. दोन्ही करून बघू म्हणतो, मिश्रणाच्या दिवशी टेबलावर ठेवू." व्हेसिएर म्हणजे शहरातल्या प्रयोगशाळेतून येणारा आमचा तपासनीस. "तर मी ठरवलंय. फिर्मांचा माल बाटलीत गेला तर वेली छाटीन. नाही गेला तर सही करीन."

"आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मी तिला नेहमी तुम्ही म्हणायचो, ती मला तू. तिने ताटातला शेवटचा घास पावाने पुसून घेतला.

"मला काही वाटत नाही, सिल्व्हेर," ती म्हणाली. घरातली काडेपेटी संपली आहे असं सांगावं तसं. "ना इकडचं, ना तिकडचं. म्हणून तर टेबलावर सोडलं."

मिश्रणाचा दिवस आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्याला असतो. सकाळी दहाला, वरच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी. टेबलाला पाच खुर्च्या. त्या सकाळी त्या पाचांनी कॉफी प्यायची नाही, लसूण खायची नाही, दाढीनंतर काही चोळायचं नाही. पावाचा कडक काठ तेवढा चालतो. खुर्ची घराण्याची असते. फिर्मां तीस वर्षं बसला, तो गेल्यावर त्याची खुर्ची ओनोरीनकडे आली. बाकीचे चार म्हणजे चेअरमन बुस्के, व्हेसिएर, रुआने आणि म्हातारा गालिनिए, ज्याला सगळे पेपे, म्हणजे आजोबा, म्हणत. ओतायचं काम माझं. प्रत्येकासमोर दोन ग्लास. ग्लासच्या बुडाखाली खडूने एक रेघ किंवा दोन रेघा. एक रेघ तेरेतवाल्याला, दोन रेघा पावडरवाल्याला. डावं-उजवं मी प्रत्येकाचं वेगळं ठेवलं होतं. कुठल्या ग्लासात काय ते मलाच ठाऊक, आणि सगळ्यांची बुचं लागेपर्यंत ओतणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. प्रत्येकाला एक बूच. जो ग्लास आवडेल त्याच्यापुढे बूच ठेवायचं.

बसण्याआधी चेअरमन एक प्रश्न विचारतो. फार जुना प्रश्न आहे, माझ्या वडिलांच्या वेळीही होता. "नाकं कशी आहेत?" प्रत्येकाने उत्तर द्यायचं, उघडं किंवा बंद. बंद म्हणणाऱ्याने शेगडीपाशी जाऊन बसायचं. त्यात कमीपणा नाही, सर्दी कोणालाही होते. मग चार बुचं उरतात. दोन-दोन झाली तर गेल्या वर्षी केलं तसंच करायचं, म्हणजे या वेळी तेरेतच. एवढेच नियम.

त्या सकाळी रुआने आल्या आल्या म्हणाला, "बायकोने दोनदा हुंगून मग घराबाहेर सोडलं. कुत्रा बरा."

"तू या व्हेसिएरला हुंग," गालिनिए म्हणाला. "सिगारेटीने जिभेवर डांबर बसलंय त्याच्या."

"तीन दिवस ओढली नाही, पेपे," व्हेसिएर म्हणाला. "हात बघा, थरथरतायत."

ओनोरीन फिर्मांच्या खुर्चीमागे उभी होती. काळं स्वेटर, हात एकावर एक. बुस्केने टोपी काढली.

"नाकं कशी आहेत? व्हेसिएर?"

"उघडं."

"रुआने?"

"उघडं. बायको साक्षीला आहे."

"पेपे?"

"या वर्षी उघडं. तीन वर्षांपूर्वीचं आता काढू नका."

"मादाम आझेमा?"

मी दारापाशी बाटली घेऊन उभा होतो. अजून ओतलं नव्हतं, म्हणजे मला बोलायला बंदी नव्हती. तिच्या तोंडाला चव नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही नको, मादाम आझेमांना सर्दी आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती शेगडीपाशी बसली असती. मी मनात म्हटलं, ती स्वतः सांगेल. मग म्हटलं, चार पुरुषांसमोर विधवा बाईबद्दल असं कसं बोलायचं. मग म्हटलं, चव कदाचित परत आलीही असेल. मी आयुष्यभर अशीच कारणं काढत आलो आहे.

"उघडं," ओनोरीन म्हणाली.

सगळे बसले. मी ओतलं.

खोलीत तोंडात वाइन घोळवल्याचा आणि भुशाच्या बादलीत थुंकल्याचा आवाज येत होता. गालिनिएने आधी बूच ठेवलं, एका रेघेपुढे. मग बुस्के, दोन रेघांपुढे. त्याला मऊ आवडायचं, शहरातले दुकानदार मऊ मागतात म्हणायचा. व्हेसिएर, दोन रेघा. रुआने बराच वेळ दोन्हींकडे मान वाकडी करून बघत राहिला आणि एका रेघेपुढे ठेवून हात झटकले. दोन-दोन. हे टेबलावरच्या कोणालाच माहीत नव्हतं, मला होतं.

ओनोरीन उरली. तिने डावा ग्लास उचलला, प्यायली. थुंकली नाही, गिळली. उजवा उचलला, गिळली. पुन्हा डावा. ती खिडकीकडे बघत होती. तिथून दफनभूमीची भिंत दिसते आणि वरच्या न छाटलेल्या वेलीही दिसतात. मग पुन्हा उजवा, एक लहान घोट. तिने बूच उजव्या ग्लासपुढे ठेवलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे जरा खाली आले.

उजव्या ग्लासखाली दोन रेघा होत्या.

"बुडं दाखव," बुस्के मला म्हणाला.

मी एकेकाचे ग्लास उचलून बूड दाखवत गेलो. तिचा शेवटी ठेवला. गालिनिएने ग्लासकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग मान खाली घातली.

बुस्के हळूच म्हणाला, "मादाम आझेमा, तुम्हाला आपला माल कुठला ते कळलं असणार."

ती त्या दोन रेघांकडे बघत होती. त्या वेळी 'नाही कळलं' असं तिला म्हणता आलं असतं. पण मग उघडं का म्हणालात, हे विचारलं गेलं असतं.

"हो," ती म्हणाली.

"आणि तरी?"

"ठरलं ना? मग झालं."

खाली अंगणात रुआने सिगारेट पेटवत मला म्हणाला, "इतकं खरं माणूस मी बघितलं नाही. मी असतो ना, आमच्या घोड्याचं मूत असतं तरी आमचं म्हणून बूच ठेवलं असतं." संध्याकाळपर्यंत हे सगळ्या गावात झालं. नवऱ्याचा अखेरचा माल समोर असून तिने सोसायटीचं हित बघितलं, अशी ती गोष्ट तयार झाली. लोक तिला वाटेत टोपी काढू लागले. तिने कोणाला दुरुस्त केलं नाही.

तिने कागदावर सही केली. मार्चमध्ये ट्रॅक्टर साखळी घेऊन आला आणि दीड दिवसात तुकडा मोकळा झाला. ती बांधावर उभी होती, ट्रॅक्टरवाल्यासाठी पाव आणि सॉसेज घेऊन. खोडं तिने गावात वाटून टाकली. आमच्याकडे वेलीच्या खोडांच्या निखाऱ्यावर मांस भाजतात, त्यामुळे नाही कोणी म्हणालं नाही. मलाही दोन ढकलगाड्या भरून दिली.

अकरा नंबरच्या टाकीतला माल दारू गाळायच्या कारखान्यात जाणार होता. टँकर यायच्या आधी मी एक बुधला भरून घेतला, वेताच्या टोपलीतला, पंचवीस लिटरचा. विचारलं नाही कोणाला. सायकलच्या गाडीवर घालून तिच्याकडे नेला.

"हे काय?"

"अकरामधलं."

"बरं. तिकडे ठेव, भिंतीला."

तिने ते बाटल्यांत भरलं आणि रोज दुपारच्या जेवणाबरोबर अर्धा ग्लास पिऊ लागली. मी गुरुवारी जेवायला जायला लागलो. कधी सूप समुद्रासारखं, कधी नुसतं गरम पाणी. मी खायचो. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी सोसायटीची नवीन बाटली घेऊन गेलो होतो, त्या वर्षीची, पावडरवाली. तिने टोमॅटो चिरून ठेवले होते, वर खारे मासे. तिने आपला नेहमीचा अर्धा ग्लास भरला, एक घोट घेतला आणि थांबली.

"हे आंबट आहे," ती म्हणाली.

मी काट्याने टोमॅटो उचलला होता, तो तसाच राहिला.

"किती आंबट आहे हे." तिने दुसरा घोट घेतला. तो तोंडात बराच वेळ ठेवला. मग उठून दुसरा ग्लास आणला. "तुझी बाटली उघड."

मी उघडली. तिने चाखली.

"आणि हे गुळगुळीत. कडा नाहीच कुठे." ती दोन्ही ग्लास समोर ठेवून बसली. "त्या दिवशी दोन्ही पाण्यासारखी होती. एकच जरा बरं, मऊ वाटलं घशाला. म्हटलं, बरं आहे म्हणजे फिर्मांचंच असणार."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला चव नव्हती ते. नाताळच्या माशापासून."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मासा खारट होता?"

"खाण्यासारखा नव्हता."

"तू दोनदा घेतलास."

"हो."

"आणि त्या दिवशी तू दारात उभा होतास. बाटली घेऊन."

"होतो."

"हं," ती म्हणाली.

मला वाटलं आता ती रडेल किंवा मला हाकलून देईल. यांतलं काही झालं असतं तर बरं झालं असतं. तिने एक टोमॅटो खाल्ला, तोंड जरासं वाकडं केलं आणि म्हणाली, "मिठाचं भांडं इकडे दे. यात मीठच नाही." त्यानंतर तिचा स्वयंपाक पूर्वीसारखा होऊ लागला. सदरे तिने त्याच महिन्यात रुआनेच्या जावयाला देऊन टाकले.

पुढे केव्हातरी मी विचारलं, लोकांना खरं सांगू का. ती शेंगा सोलत होती.

"मी आहे तोवर नको. नाक बंद असताना उघडं म्हणाले, हे त्या टेबलावर कोणी विसरणार नाही. त्यापेक्षा कडक म्हणू देत."

ती त्या खुर्चीवर आणखी पंधरा वर्षं बसली. दोनदा तिने प्रश्नाला "बंद" असं उत्तर दिलं आणि शेगडीपाशी जाऊन बसली. दोन्ही वेळा तिला सर्दी नव्हती. एकदा मुलीचं ऑपरेशन होतं, दुसऱ्यांदा कारण मला कळलं नाही. शेगडीपाशी बसून ती हात शेकत राहायची आणि बुचं लागेपर्यंत टेबलाकडे बघायचीही नाही.

पावडरची पांढरी चांगली आहे. खोटं कशाला सांगू, मी रोज तीच पितो. जुलैत बसतही नाही. दफनभूमीच्या वरचा तो तुकडा नंतर कोणी लावला नाही, तिथे आता रानबडीशेप वाढली आहे, कमरेएवढी. ओनोरीनला फिर्मांशेजारी जागा मिळाली, त्या भिंतीच्या आतल्या बाजूला.

हे कागद मी बुस्केच्या मुलीकडे देणार आहे. काट्याच्या खोलीबाहेर काच लावलेला सूचनाफलक आहे, तिथे तोडणीच्या तारखा लावतात. तिथे लावायचे की नाही ते तिने ठरवावं. ओनोरीनने नवऱ्याचा माल नाकारला नव्हता. ती तोच शोधत होती, आणि तोच समजून तिने बूच ठेवलं. मी दारात उभा होतो.

तिने दिलेल्या खोडांतली एक ढकलगाडी मी त्याच वर्षी संपवली. दुसरी अजून शेडमध्ये आहे. मुद्दाम जपून ठेवलेली नाही. तेव्हा लागली नाही, आणि आता दातांमुळे मी भाजलेलं फारसं खात नाही.